अळसांद्यातला मावा आणि मेरेवरची मोहरी : एका हंगामाच्या नोंदी

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात आमची साधारण २,००० चौरस मीटर जागा आहे. चार कुणगे (भातशेतीचे तुकडे), एका कडेला विहीर, दुसऱ्या कडेला गिरिपुष्पाचे (ग्लिरिसिडियाचे) कुंपण आणि पलीकडे काजू. सरद म्हणजे पावसाळी भात कापले की उरलेल्या ओलीवर अळसांदे (गोव्यातली चवळी) पेरतो. पीक कळीवर येऊ लागले की काळा मावा, रस शोषणारी बारीक कीड, शेंडे व्यापतो. गेल्या हंगामात त्यावर दोनदा कीटकनाशक मारले. पहिल्या फवारणीनंतर आठवडाभर शेंडे स्वच्छ राहिले आणि मग मावा आधीपेक्षा दाट आला, कारण तोपर्यंत त्याला खाणारे कुणी उरले नव्हते. ढालकिडे (लेडीबर्ड भुंगे) फवारणीतच गेले होते. त्यामुळे यंदा काम उलट्या टोकाने घेतले: मावा खाणारे कीटक आधी शेतात आणायचे, पीक नंतर पेरायचे. कुणी हे करणार असेल तर उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवल्या आहेत.

१० नोव्हेंबर

विहिरीकडची मेर (बांध) खणून दोन ओळी मोहरी टाकली. बी वाण्याकडचीच बारीक मोहरी, फोडणीची. शंभर ग्रॅम घेतली होती, निम्मीसुद्धा लागली नाही. मोहरीच्या टोकाला मुळ्याची एक ओळ, तो भाजीसाठी न उपटता फुलावर जाऊ द्यायचा. मधेमधे धणे टाकले.

मोहरी का, हे घरात दोनदा समजावून सांगावे लागले, म्हणून इथेही लिहिते. मोहरीवर येणारा मावा वेगळा असतो. तो हिरवट करडा, अंगावर पांढुरकी भुकटी असलेला, आणि मोहरी, मुळा, कोबी या कुळावरच जगतो. अळसांद्यावर तो वाढत नाही. अळसांद्याचा मावा काळा, चकचकीत. त्याला शेंगांची पिके आणि गिरिपुष्प चालते, मोहरी चालत नाही. पण ढालकिडा, सिरफिड माशीची अळी, जाळीदार पंखांची हिरवी क्रायसोपा हे दोन्ही मावे खातात. मोहरीवर मावा आधी आला तर हे सगळे तिथे जेवून अंडी घालतील आणि अळसांद्यावर काळा मावा येईल तेव्हा हाकेच्या अंतरावर असतील. शिवाय सिरफिडची माशी स्वतः मावा खात नाही. तिला फुलातला मध आणि पराग लागतात, मावा खाते ती तिची अळी. भात कापलेल्या उघड्या कुणग्यात तिच्यासाठी एकही फूल नसते.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मावा यावा म्हणून तू पेरतेस?" हो, त्या मेरेवर यावा म्हणूनच.

२४ नोव्हेंबर

अळसांदे पेरले. घरचे बी, पाचेक किलो. युरिया नाही, शेणखत आणि थोडी राख. नत्र जास्त झाले की शेंडे लुसलुशीत होतात आणि माव्याला तेच हवे असते. उत्तरेकडच्या कुणग्यात ओल कमी होती, तिथे विहिरीचे एक पाणी द्यावे लागले. पाईप ओढण्यात पूर्ण दुपार गेली.

१२ डिसेंबर

पिवळे चिकट सापळे लावले होते, ते आज उतरवले. पंख असलेला मावा केव्हा शेतात उतरतो हे कळावे म्हणून आणले. मावा सापडला, पण सिरफिड माश्याही चिकटल्या, आणि मोहरीजवळच्या सापळ्यावर तर माव्यापेक्षा त्याच जास्त. पिवळा रंग त्यांनाही फुलासारखा वाटतो. फुले यायच्या आधी एखादा सापळा नुसता अंदाजासाठी ठेवावा, मावा पकडायचे साधन म्हणून कुणगाभर लावू नयेत. दोनशे रुपये गेले.

मोहरी कळीवर आहे. मुळा अजून मागे.

२० डिसेंबर

घरच्या मंडळींनी कुंपणाचे गिरिपुष्प छाटले आणि कोवळ्या फांद्या हिरवळीचे खत म्हणून कुंपणालगतच्या कुणग्यात सरींमधून अंथरल्या. दरवर्षी करतात. आज मी फांद्या उलटून पाहिल्या तर कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दाट होता. हाच अळसांद्याचा मावा. फांद्या वाळू लागल्या की तो उतरून जवळच्या झाडावर चढणार. सगळ्या गोळा करून काजूत टाकल्या. मजुरी लावली नाही, पण घरच्या दोघांचा दिवस गेला.

गिरिपुष्पाचे कुंपण गोव्यात खूप ठिकाणी आहे, म्हणून हे ठळकपणे सांगते: अळसांदे लहान असताना त्याची छाटणी करू नका. पेरणीच्या आधी करा, किंवा शेंगा निघाल्यावर. कुंपणावरचा मावा तिथेच राहिला तर त्यावरही ढालकिडे पोसले जातात.

२७ डिसेंबर

अपेक्षेप्रमाणे कुंपणालगतच्या कुणग्यात सुरुवात. शेंड्याच्या आणि पानांच्या मागच्या बाजूला काळे मोठे, त्यांच्याभोवती करडी पिल्ले. पानांवर पांढरी कात पडली आहे आणि हात लावला की चिकट लागते. आजूबाजूला काळ्या मुंग्यांची रांग.

सासूबाईंचा उपाय राखेचा. "दंव सुकायच्या आत मार, चिकटून राहते." दोन सऱ्यांवर सकाळी मारली. दुपारपर्यंत मावा कमी दिसला, चौथ्या दिवशी पुन्हा तितकाच. राखेखाली पानाच्या मागे बसलेला मावा सुटतो, कारण राख वरून पडते. लहान परसात रोज सकाळी मारता आली तर ठीक, कुणगाभर हे निभत नाही. आणि मावा खाणाऱ्या अळ्या दिसू लागल्यावर राख मारू नये, त्यांनाही ती जाचते.

साबणाच्या पाण्याचे दोन प्रयोग. कपड्याची पावडर पाण्यात मिसळून मारलेल्या सरीत दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. खोबरेल तेलाचा साधा साबण किसून, लिटरला पाच ग्रॅम, असे पाणी चालले. मात्र साबण अंगाला लागला तरच मावा मरतो, पानावर वाळल्यावर त्याचा काही परिणाम राहत नाही. त्यामुळे पंपाने वरून उडवण्यात अर्थ नव्हता. आम्ही लहान बादली घेऊन बसलो आणि जास्त लागण झालेले शेंडे वाकवून पाण्यात बुडवून काढले. कंबर दुखते, पण ढालकिड्याची अंडी किंवा अळी दिसली तर ते झाड सोडता येते. पंपाला ते कळत नाही.

३१ डिसेंबर

मोहरी पूर्ण फुलली आहे आणि शेंड्यांवर करडा मावा आला आहे. फुलांवर सातेरी मधमाशा. पानांच्या मागे ढालकिड्याची पिवळी उभी अंडी, एकमेकांना लागून. माव्याच्या घोळक्यात सिरफिडची पांढरी लांबट अंडी, सुटी सुटी.

ओळख पटणे महत्त्वाचे आहे, कारण बहुतेक लोक अळीच चिरडतात. लाल पाठीचा ढालकिडा सगळ्यांना माहीत असतो. त्याची अळी काळी, लांबट, पिवळ्या-नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी दिसते. ती प्रौढ किड्याइतकीच, कधी जास्तच खाते, आणि उडून जात नाही. सिरफिडची अळी बिनपायाची, हिरवट, पानाला चिकटून सरकणारी. ती पाने कुरतडणारी अळी समजून आमच्याकडे आतापर्यंत वेचून टाकली जात होती.

४ जानेवारी

आजची नोंद मुंग्यांवर. माझ्या मते अर्धे काम तिथेच अडते.

मोहरीवर अळ्या भरपूर आहेत, अळसांद्यावर जवळपास नाहीत. दोन्हींत वीस-पंचवीस पावलांचे अंतर. काल संध्याकाळी सरीत बसून पाहिले. एक ढालकिडा काळ्या माव्यावर उतरला, दोन मुंग्या धावून आल्या, पायाला धरले, तो उडाला. पुन्हा दुसऱ्या शेंड्यावर तेच. मावा जो गोड रस बाहेर टाकतो त्यावर मुंग्या जगतात आणि त्यासाठी त्याची राखण करतात. अळसांद्याला शेंगेच्या दांड्यावर आणि पानाच्या सांध्याजवळ स्वतःच्याही मधाच्या गाठी असतात. म्हणजे मावा नसतानाही मुंग्यांना तिथे येण्याचे कारण असतेच. मोहरीवर मुंग्या खूप कमी आहेत.

मुंग्या अडवण्याचे जे केले ते असे. मेरेवर चुन्याची रेघ: दंवाने दोन रात्रींत विरली. हळद: तसेच. झाडाच्या खोडाला तेलकट पट्टी आंब्याला चालते, अळसांद्याला नाही, कारण एक पान जरी जमिनीला टेकले तरी मुंगीला वाट मिळते. वारुळांवर मुंग्या मारायची पावडर टाकायचा सल्ला कृषी केंद्राच्या दुकानात मिळाला. ती टाकली नाही, कारण मेरेवर कोळी आणि जमिनीवरचे भुंगे असतात, तेही माझ्या कामाचे.

चालला तो उपाय गुळाचा. वारुळापासून हातभर अंतरावर, पिकाच्या उलट्या बाजूला, नारळाच्या करवंट्यांत दाट गूळपाणी ठेवले. आत काथ्याचा बोळा, म्हणजे मुंग्या आणि मधमाशा बुडत नाहीत. पहिल्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी करवंट्यांपर्यंत रांग लागली आणि शेंड्यांवरच्या मुंग्या स्पष्ट विरळ झाल्या. त्यांना गोड जवळ मिळाले की राखण ढिली पडते. पाणी एक दिवसाआड बदलावे लागते, आंबले की त्या फिरकत नाहीत. हंगामभरात तीन-चार किलो गूळ गेला. पिकाच्या बाजूला ठेवलेल्या दोन करवंट्यांनी उलट काम केले, वाटेतली झाडे मुंग्यांनी भरली. त्या हलवल्या.

११ जानेवारी

अळ्या अळसांद्यावर नेल्या. संध्याकाळी ऊन उतरल्यावर मोहरीचे मावा-अळीसकट शेंडे कापले, सुपात आडवे ठेवून नेले आणि जास्त लागण असलेल्या अळसांद्याच्या झाडांत अडकवले. मोहरीचा मावा दोन दिवसांत शेंडा वाळला की उपाशी मरतो, अळसांद्याला त्याचा धोका नाही. भुकेल्या अळ्या काळ्या माव्यावर उतरतात. प्रौढ ढालकिडे नेऊन उपयोग नाही, ते उडून जातात. निम्मीच मोहरी कापली. फुले ठेवलीच पाहिजेत, नाहीतर सिरफिड निघून जाईल.

जिथे गूळ आधी ठेवला होता तिथे अळ्या टिकल्या. कुंपणाकडच्या कोपऱ्यात करवंट्या उशिरा ठेवल्या होत्या, तिथे दुसऱ्या दिवशी मोजक्याच सापडल्या. क्रम लक्षात घ्या: आधी मुंग्या वळवायच्या, मग अळ्या न्यायच्या.

१६ जानेवारी

अळसांदे फुलावर. शेजाऱ्यांच्या कुणग्यातही अळसांदेच आहेत आणि तिथे मावा जास्त. सकाळी शेजारचे दादा मेरेवर आले.

"वहिनी, आज पंप आणलाय. तुमच्या बाजूला पण मारून देऊ?"

"नको दादा, माझ्याकडे अळ्या लागल्यात. तुम्ही मारणार तर निदान संध्याकाळी मारा, मधमाशा गेल्यावर. आणि आमच्याकडच्या चार सऱ्या सोडा."

दादांनी ऐकले, पण मजूर सकाळी आला होता, त्याने दहाच्या सुमारास सुरू केले. वारा आमच्याकडे. मेरेजवळच्या झाडांवर दुपारी उलटे पडलेले ढालकिडे वेचले. सातेरी दोन दिवस फुलांवर जवळजवळ दिसली नाही. अळसांद्याचे फूल स्वतःच्या परागावर धरते, त्यामुळे शेंगांना फार फटका बसला नाही. पण वाड्यातल्या भोपळ्या-काकडीला मधमाशीशिवाय फळ नाही, ते नुकसान दादांच्या घरीही आहे. संध्याकाळी ते स्वतः येऊन बघून गेले, त्यांना मोहरीवरची अळी दाखवली. पुढच्या वर्षी दोन्ही शेतांच्या मधल्या मेरेवर मोहरी पेरायचे ठरले आहे, बी मी देणार.

ज्यांच्याकडे फवारणीशिवाय इलाज नाही त्यांनी निदान वेळ पाळावी. सूर्य खाली गेल्यावर, वारा पडल्यावर, आणि फक्त लागण असलेल्या भागात. मोहरीच मुख्य पीक असेल तर मधल्या शेंड्याच्या दहा सेंटीमीटरमध्ये २६ ते २८ मावा हा फवारणीचा विचार करायचा आकडा मानतात. एखाद-दुसऱ्या झाडावर मावा दिसला म्हणून पंप उचलू नये.

२२ जानेवारी

काही झाडांची पाने चुरगळलेली, गडद-फिकट हिरव्या ठिगळांची. मोझॅक. हा विषाणू मावा पसरवतो आणि त्यासाठी त्याला तासन्तास रस शोषावा लागत नाही, पान नुसते चाखून पुढे गेला तरी पसरतो. म्हणून मावा मारून मोझॅक थांबत नाही. झाड उपटणे हाच मार्ग, आणि तेही लवकर. उपटताना झाड झटकू नये. मावा पसरतो, म्हणून आधी गोणी घालून मग मुळासकट काढले आणि जाळले. दोन कुणग्यांत मिळून एक टोपलीभर झाडे गेली. हा रोग बियातूनही येतो, म्हणून बियाण्यासाठी ठेवायच्या झाडांना आजच चिंध्या बांधल्या, पहिल्यापासून स्वच्छ असलेल्यांना. आतापर्यंत आम्ही शेवटी उरलेल्या शेंगांतून बी ठेवत होतो.

३० जानेवारी

कुंपणाचा कोपरा सोडला तर मावा बसत चालला आहे. शेंड्यांवर फुगलेले, तपकिरी, हलत नसलेले मावे दिसू लागले. त्यांच्या पोटात परजीवी गांधीलमाशीची अळी असते, मुंगीपेक्षाही लहान माशी. पाठीला गोल भोक असेल तर माशी बाहेर पडली. अशी झाडे अजिबात बुडवू नयेत.

कोपऱ्यासाठी मावा मारणाऱ्या लेकॅनिसिलियम बुरशीची भुकटी आणली, लिटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी मारली. या बुरशीला ओलावा लागतो. जानेवारीतले आमच्याकडचे जड दंव तिला पोषक ठरले, आठवड्याने मावा पांढरा पडून चिकटलेला मिळाला. दुपारी मारलेल्या एका सरीत काही फरक नाही. सव्वादोनशे रुपयांच्या पाकिटातले अर्धे उरले. ते उष्णतेने निकामी होते, म्हणून सावलीत थंड जागी ठेवले आहे, पण पुढच्या वर्षी नवीनच घेणार.

निंबोळी अर्क यंदा केला नाही. इथे निंबोळ्या पुरेशा मिळत नाहीत, घाटावरून मागवाव्या लागतात, आणि एवढ्या जागेला तेवढे काम परवडले नसते.

१८ फेब्रुवारी

पहिली तोडणी संपली, दुसरी चालू. आज मोजणी केली. प्रत्येक कुणग्यात तिरके चालत वीस झाडांचे शेंडे पाहिले. विहिरीकडच्या दोन कुणग्यांत मावा असलेली झाडे थोडीच, आणि तिथे अळ्या हजर. मधल्या कुणग्यात ठीक. कुंपणाकडच्या कुणग्यात शेंगा आखूड आणि पानांवर काजळीसारखी काळी बुरशी, तिथले उत्पन्न निम्म्यावर येईल. म्हणजे मोहरीचा फायदा मोहरीपासून फार लांब पोचला नाही. एका कडेची ओळ चार कुणग्यांना पुरत नाही.

बाहेर गेलेला पैसा: मोहरी-धणे नगण्य, सापळे दोनशे, साबण सव्वाशे, गूळ दोनशेच्या घरात, बुरशी सव्वादोनशे. गेल्या वर्षी दोन फवारण्यांचे औषध, पंप आणि मजूर मिळून याच्या तिप्पट झाले होते. वेळ मात्र यंदा जास्त गेला, विशेषतः बादली घेऊन बसण्यात. गूळ आधी ठेवला असता तर त्यातला बराच वाचला असता, कारण जिथे अळ्या पोचल्या तिथे बादलीची गरज पडली नाही.

पुढच्या हंगामात मोहरी दोन वेळा पेरायची, एक नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि दुसरी दोन आठवड्यांनी, म्हणजे अळसांद्याच्या शेवटच्या फुलापर्यंत मेरेवर फूल राहील. प्रत्येक मधल्या मेरेवर हातभर लांबीचे तुकडे, एकच लांब ओळ नको. करवंट्या मोहरी फुलण्याआधी. गिरिपुष्प ऑक्टोबरमध्ये छाटून टाकायचे. चिंध्या बांधलेल्या झाडांच्या शेंगा वेगळ्या वाळवल्या आहेत. त्यातले बी राखेत घोळवून डब्यात भरायचे काम या रविवारी.